पियानोसमोरचा इंग्रज : ह्यू लॉरी आणि ब्लूज यांचे एक प्रकरण

2011 साली वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने ‘लेट देम टॉक’ हा अल्बम प्रसिद्ध केला. त्यातली बहुतेक गाणी न्यू ऑर्लीन्स आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाऊन ठेवलेली होती. ती नव्याने गाणारे आणि त्यांवर पियानो वाजवणारे गृहस्थ होते ऑक्सफर्डमध्ये जन्मलेले, ईटन या श्रीमंतांच्या मुलांच्या शाळेत आणि केंब्रिज येथे शिकलेले, 51 वर्षांचे इंग्रज अभिनेते ह्यू लॉरी. फॉक्स वाहिनीवरील ‘हाऊस’ या मालिकेतला तुसडा, लंगडणारा, वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला डॉक्टर म्हणून त्यांचा चेहरा त्या वेळी जगभर ओळखीचा झाला होता. अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत पोचला.

अल्बम खपला यात नवल नाही. गिनीज बुकाने ज्याची नोंद 66 देशांत पाहिला जाणारा मालिकेचा नायक अशी केली, त्याने काहीही काढले तरी पहिली खेप संपणारच. या प्रकरणात तपासण्यासारखी गोष्ट निराळी आहे. याच माणसाने वीस वर्षांपूर्वी याच जातीचे संगीत याच वाद्यावर दूरचित्रवाणीवर वाजवले होते आणि तेव्हा प्रेक्षक मनमुराद हसले होते. उमरावी थाटाचा इंग्रज तरुण आणि काळ्या अमेरिकेचे गाणे यांच्यामधले जे अंतर 1990 साली विनोदाचा कच्चा माल होते, तेच अंतर समोर ठेवून 2011 साली त्यांनी श्रोत्यांना गंभीरपणे ऐकायला बसवले. ते कितपत साधले, कशाच्या बळावर साधले आणि कुठे साधले नाही, एवढेच येथे पाहायचे आहे.

नटाने गाण्याचा अल्बम काढला की तो ऐकण्याआधीच लोकांच्या चेहऱ्यावर हसू येते, आणि त्याला इतिहास आहे. ब्रूस विलिस यांनी 1987 साली थेट मोटाउन या, कृष्णवर्णीय संगीतासाठी नावाजलेल्या, कंपनीकडून ‘द रिटर्न ऑफ ब्रूनो’ हा अल्बम काढला. ब्रिटनमध्ये तो चांगला चालला, पण आज त्याचे नाव निघते ते बहुधा चेष्टेतच. उलट उदाहरणही आहे. ड्रॅक्युलाच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश अभिनेते क्रिस्टोफर ली यांनी 2010 साली, वयाच्या 87 व्या वर्षी, शार्लमेन या सम्राटावरचा मेटल, म्हणजे दणदणाटी रॉक, संगीताचा अल्बम काढला, आणि मेटलच्या चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. ली यांना कोणी विचारले नाही की हे गाण्याचा तुमचा अधिकार काय. मेटल हे संगीतच मुळात नाटकी. तलवारी, सम्राट, खर्जातला घनगंभीर आवाज हे सगळे तिथे शोभून दिसते. ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्यांचे, तसे नाही. ब्लूज गाणाऱ्याने आपली कैफियत मांडायची असते, निदान ऐकणारा तशी अपेक्षा ठेवतो. नटाचा धंदा दुसऱ्याची कैफियत आपली म्हणून मांडण्याचा. लॉरी यांच्या प्रकरणातली अडचण नेमकी या ठिकाणी सुरू होते.

वळलेले पान

लॉरी यांचा जन्म 11 जून 1959 चा. वडील रॅन लॉरी हे डॉक्टर होते आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॅक विल्सन यांच्याबरोबर दोघांच्या नौकेच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. हे पदक वडिलांच्या मोज्यांच्या खणात पडलेले असायचे असे लॉरी यांनी सांगितले आहे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन वळणाच्या त्या घरात स्वतःच्या पराक्रमाबद्दल बोलणे हे असभ्यपणाचे लक्षण मानले जाई. ही गोष्ट पुढे त्यांच्या संगीताबद्दल बोलताना उपयोगी पडते, कारण लॉरी यांनी आपल्या कुठल्याही यशाची ओळख करून देताना आधी माफी मागितली आहे.

पियानोचे धडे वयाच्या सहाव्या वर्षी सुरू झाले. ते त्यांना नकोसे होते. प्राथमिक धड्यांच्या पुस्तकात पुढे कुठेतरी ‘स्वानी रिव्हर’ हे गाणे होते आणि त्याच्या खाली ते ‘निग्रो स्पिरिच्युअल’ (कृष्णवर्णीय गुलामांचे भक्तिगीत) असल्याचे आणि त्यातला आघात किंचित हलवून वाजवायचा असल्याचे छापलेले होते. त्या एका गाण्यासाठी मुलगा कंटाळवाण्या सरावाची पाने ढकलत राहिला. अखेर ते पान आले, तेव्हा शिक्षिकेने शीर्षक वाचून नाक मुरडले आणि पान उलटले. त्यानंतर काही काळाने रेडिओवर विली डिक्सन यांचे एक ब्लूज गाणे कानावर पडले आणि आपले आयुष्य तिथून बदलले, असे लॉरी यांनी अल्बमच्या मजकुरात लिहिले आहे.

ही आठवण हृद्य आहे. मात्र तिच्यातले एक तथ्य पाहण्यासारखे आहे. ‘स्वानी रिव्हर’ हे स्पिरिच्युअल नाहीच. पेन्सिल्व्हेनियातल्या स्टीफन फॉस्टर या गोऱ्या संगीतकाराने 1851 साली ते ‘क्रिस्टीज मिन्स्ट्रेल्स’ या मंडळीसाठी लिहिले, म्हणजे तोंडाला काळे फासून गुलामांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांसाठी. ज्या नदीचे नाव गाण्यात येते ती फॉस्टर यांनी पाहिलीही नव्हती. एका इंग्रज मुलाला काळ्या अमेरिकेचे म्हणून जे पहिले गाणे हवेसे वाटले, तेच गोऱ्या माणसाने रचलेले सोंग होते. उसनवारीची ही परंपरा लॉरी यांच्या कितीतरी आधीची आहे, आणि ते तिच्यात जन्मले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

केंब्रिजमध्ये त्यांनी पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र हे विषय घेतले, पण मन वडिलांप्रमाणे नौकेत होते. 1980 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत अगदी थोडक्यात हरलेल्या केंब्रिजच्या नौकेत ते होते. ग्लँड्युलर फीव्हरच्या आजारपणात नौकानयन बाजूला ठेवावे लागले तेव्हा ते ‘फुटलाइट्स’ या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात गेले. तिथे एमा थॉम्पसन भेटल्या, त्यांच्या ओळखीने स्टीफन फ्राय भेटले, आणि 1981 साली या मंडळींच्या ‘द सेलर टेप्स’ या प्रयोगाला एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात विनोदी प्रयोगांसाठीचा पहिला पेरिए पुरस्कार मिळाला.

हसवणारा पियानो

पुढच्या पंधरा वर्षांतील लॉरी हे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरचे विनोदी नट आहेत. ‘ब्लॅकॅडर’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला बुद्धू राजपुत्र, चौथ्या पर्वातला पहिल्या महायुद्धाच्या खंदकात बसूनही शाळकरी उत्साहाने बोलणारा लेफ्टनंट जॉर्ज, अशा मठ्ठ पण लोभस उमरावांच्या भूमिकांवर त्यांनी नाव कमावले. या काळात त्यांच्या वाद्यवादनाला कायम जागा होती, पण ती विनोदाच्या आडोशाची.

‘अ बिट ऑफ फ्राय अँड लॉरी’ हा प्रहसनांचा कार्यक्रम बीबीसीवर 1989 ते 1995 या काळात चालला. त्यात लॉरी पियानोवर किंवा गिटार आणि हार्मोनिका घेऊन स्वरचित गाणी म्हणत. त्यातले एक गाणे निषेधगीताचे विडंबन आहे. गायक गळ्यात हार्मोनिका अडकवून, डोळे मिटून, अमेरिकी सुरात सांगतो की जगातले अन्याय दूर करण्यासाठी आपल्याला फक्त एकच गोष्ट करायची आहे. आणि ती गोष्ट सांगायची वेळ आली की पुटपुटतो. प्रत्येक कडव्यात तेच. दुसऱ्या एका गाण्यात अमेरिकेच्या प्रेमाने भारावलेला गायक त्या देशाच्या नावापलीकडे फारसे काही बोलूच शकत नाही आणि शेवटी फ्राय येऊन त्याला ठोसा मारतात. या दोन्ही गाण्यांत चेष्टा कोणाची आहे, हे नीट पाहावे. गिटारची ठेवण, आवाजातला खरखरीतपणा, हार्मोनिकाची फुंकर हे सगळे अचूक आहे. चेष्टा आहे ती अमेरिकी वेदना उसनी आणून मिरवणाऱ्या गोऱ्या गायकाची. पुढे स्वतःवर येऊ शकणारा आरोप लॉरी यांनी वीस वर्षे आधी स्वतःच गाऊन ठेवला होता, असे हे विलक्षण प्रकरण आहे.

त्याहून महत्त्वाची ‘जीव्ज अँड वूस्टर’. ग्रॅनडाने 1990 ते 1993 या काळात आयटीव्हीसाठी दाखवलेल्या या मालिकेत लॉरी यांनी बर्टी वूस्टर हा भोळसट श्रीमंत तरुण आणि फ्राय यांनी त्याचा नोकर जीव्ज यांच्या भूमिका केल्या. मालिकेचे संगीत अ‍ॅन डडली यांचे होते, पण बर्टी घरात पियानोवर बसून जी ताजी अमेरिकी गाणी म्हणतो, ती लॉरी स्वतः म्हणत. एका प्रसंगात बर्टी कॅब कॅलोवे या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकाचे 1931 चे ‘मिनी द मूचर’ वाजवतो आहे. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये कॅलोवे आरोळी देत आणि सगळा वाद्यवृंद तीच आरोळी परत करी. बर्टीकडे वाद्यवृंद नाही, म्हणून तो जीव्जला उत्तर द्यायला सांगतो. जीव्ज निर्विकार चेहऱ्याने, प्रत्येक आरोळीच्या शेवटी अदबीने ‘सर’ जोडून, उत्तर देतो.

हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी हसलो आहे. पण या प्रकरणाच्या दृष्टीने त्यातले वादन हसण्याजोगे मुळीच नाही. लॉरी यांचा डावा हात पक्का आहे, लय सैल पडत नाही, आणि बर्टीला त्या गाण्याबद्दल वाटणारे प्रेम खरे आहे. बर्टीला गाण्यातल्या शब्दांचा अर्थ कळत नाही. अफू, वेश्या आणि भणंग प्रियकर यांची ती कहाणी त्याला केवळ नवी फॅशन वाटते. प्रेक्षक हसतो तो या अज्ञानाला. पात्राच्या अज्ञानाच्या मागे नटाने आपले ज्ञान दडवले होते, आणि हा आडोसा इतका सोयीचा होता की त्यातून बाहेर येण्याची लॉरी यांना बराच काळ गरज वाटली नसावी.

उसना आवाज

2004 साली ते नामिबियात एका चित्रपटाच्या चित्रीकरणात होते. तिथल्या हॉटेलच्या स्नानगृहात, उजेड बरा होता म्हणून, त्यांनी ‘हाऊस’साठीची चाचणी चित्रित करून पाठवली. ती पाहून दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांनी अशाच अस्सल अमेरिकी नटाची आपल्याला गरज असल्याचे म्हटले, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. मालिका 16 नोव्हेंबर 2004 रोजी सुरू झाली आणि 177 भागांनंतर 21 मे 2012 रोजी संपली. तिच्यासाठी लॉरी यांना 2006 आणि 2007 अशी लागोपाठ दोन वर्षे गोल्डन ग्लोब मिळाले. अनेक अमेरिकी प्रेक्षकांना तो माणूस इंग्रज आहे हे पुरस्कार स्वीकारताना तो बोलला तेव्हाच कळले.

हाऊसच्या घरात पियानो होता, भिंतीवर गिटारी होत्या, आणि तो त्या वाजवत असे. इथे विनोदाचा आडोसा प्रथमच गेला. रात्री एकटा बसून वाजवणारा हाऊस प्रेक्षकांना हास्यास्पद वाटत नव्हता. तेवढ्या वेळापुरता तो माणसासारखा वाटत असे. त्याच काळात दूरचित्रवाणीवरच्या नटांनी धर्मादाय कामांसाठी काढलेल्या ‘बँड फ्रॉम टीव्ही’ या वाद्यवृंदात लॉरी कीबोर्ड वाजवू लागले. ‘हाऊस’मधलेच जेसी स्पेन्सर त्यात व्हायोलिन वाजवत. म्हणजे 2011 चा अल्बम हा एका रात्रीत घेतलेला निर्णय नव्हता. ‘अभिनयाकडून संगीताकडे वळले’ हे वाक्य अशा माणसाबद्दल लिहिताना सोपे असते, पण लॉरी यांच्या बाबतीत ते बरोबर नाही. वादन पहिल्यापासून होते. पात्राच्या नावाऐवजी स्वतःच्या नावावर वाजवणे, एवढेच नवे होते.

आता मुख्य अडचण. आठ वर्षे अमेरिकी उच्चारांत बोलणाऱ्या नटाची सगळ्यांनी वाहवा केली. त्याच माणसाने अमेरिकी उच्चारांत गायला सुरुवात केली, तेव्हा अनेक परीक्षकांना ते खटकले. दोन्ही ठिकाणी कौशल्य तेच आणि उसनवारीही तीच. नाटकात खोटेपणाचा करार आधीच झालेला असतो. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हाच तो मान्य करतो. गाण्यात असा करार नसतो. शिवाय ब्लूजमध्ये आवाज हाच पुरावा मानला जातो, कारण ही गाणी ज्यांनी गायली त्यांच्याकडे तुरुंग, शेतमजुरी आणि गोऱ्या पोलिसांची भीती यांची साक्ष देण्यासाठी दुसरे साधन फारसे नव्हते. अशा साक्षीची हुबेहूब नक्कल केली की ती साक्ष राहत नाही.

लॉरी यांना हे कळत होते. अल्बमसोबतच्या मजकुरात त्यांनी पहिल्या काही ओळींतच सांगून टाकले की आपण 1890 च्या दशकात अलाबामात जन्मलेलो नाही, दुसऱ्याच्या शेतात राबलेलो नाही, मालगाडीच्या डब्यातून फुकट प्रवास केलेला नाही. आपण मध्यमवर्गीय गोरे इंग्रज आहोत आणि अमेरिकेच्या दक्षिणेच्या संगीतात उघड उघड घुसखोरी करत आहोत. त्यात भर म्हणजे आपण नट आहोत, असेही त्यांनी लिहिले. मोज्यांच्या खणात पदक ठेवणाऱ्या घरातला हा सूर आहे. काही जणांनी ही चलाखी मानली: आरोप आधीच कबूल केला की फिर्यादीच्या हाती काही उरत नाही. मला ती पूर्ण चलाखी वाटत नाही, पण पूर्ण निरागसही वाटत नाही. अल्बमचे नाव ज्या गाण्यावरून घेतले ते लिटल विली जॉन यांचे 1959 चे प्रेमगीत आहे. त्यात लोक आपल्या प्रेमाविषयी काय बोलायचे ते बोलोत, असा भाव आहे. हे नाव निवडणाऱ्याने टीकाकारांना उत्तर आधीच लिहून ठेवले होते.

साथीला कोण बसले

कबुलीजबाबाने अल्बम तरत नाही. तो तरला तो मुख्यतः साथीदारांमुळे, आणि साथीदारांची निवड हाच या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. निर्माते होते जो हेन्री. गायक सोलोमन बर्क यांचा 2002 चा पुनरागमनाचा अल्बम आणि अ‍ॅलन टूसाँ यांचा 2009 चा जुन्या न्यू ऑर्लीन्सच्या संगीताचा अल्बम त्यांनीच केला होता. नव्या लोकांनी जुने संगीत धूळ न उडवता आणि चकाकी न देता कसे वाजवावे, याची त्यांना जाण होती. ढोलवादक जे बेलरोज, बासवादक डेव्हिड पिल्च, गिटारवादक केव्हिन ब्राइट हे सगळे कमी वाजवण्यात वाकबगार. फुंकवाद्यांची रचना अ‍ॅलन टूसाँ यांनी स्वतः केली. न्यू ऑर्लीन्सच्या संगीताची अर्धी इमारत ज्यांच्या पियानोवर उभी आहे, त्या टूसाँ यांनी एका इंग्रज नटाच्या मागे तुताऱ्या आणि सॅक्सोफोन बसवून द्यावेत, हे त्या शहराच्या औदार्याचे लक्षण म्हणावे लागेल.

पाहुण्या आवाजांची निवडही बोलकी आहे. डॉक्टर जॉन या नावाने ओळखले जाणारे गायक-पियानोवादक आणि गायिका आयर्मा थॉमस हे दोघे न्यू ऑर्लीन्सचे. ‘जॉन हेन्री’ हे डोंगर फोडणाऱ्या रेल्वे मजुराचे गाणे थॉमस यांच्या वाट्याला आले. तिसरे टॉम जोन्स. हे वेल्समधल्या पॉन्टिप्रिडचे, कोळसा खाणीतल्या कामगाराचे पुत्र. जोन्स 1960 च्या दशकापासून कृष्णवर्णीय अमेरिकी ढंगात गात आले आहेत आणि त्यांना घुसखोर म्हणण्याचे कोणाच्या सहसा मनात येत नाही. ब्रिटनमध्ये ब्लूज वाजवणारे गोरे हे काही नवे नव्हते. अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्स 1958 साली तिथे आले, अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी लंडनमध्ये ब्लूजचे अड्डे उभे केले, आणि 1962 साली त्या अड्ड्यांवरूनच रोलिंग स्टोन्स निघाले. त्यांनी हेच संगीत अमेरिकेला परत विकले आणि अमाप पैसा मिळवला. मग आक्षेप लॉरी यांच्यावरच का? माझ्या मते यात वंशाइतकाच वर्गाचा भाग आहे. डार्टफर्डमधल्या कामगार वस्तीतल्या पोराने ब्लूज गाणे ब्रिटिश श्रोत्याला पटते. ईटनच्या माजी विद्यार्थ्याने गाणे पटत नाही. ब्रिटनमध्ये शाळेचे नाव माणसाला मरेपर्यंत सोडत नाही.

प्रत्यक्ष वादनाबद्दल लिहायचे तर पियानो हा या अल्बमचा खरा आवाज आहे. अल्बमच्या सुरुवातीच्या ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’मध्ये गाण्याआधी बराच वेळ एकटा पियानो वाजतो, चाल कुठून येते आहे याचा पत्ता हळूहळू लागतो, आणि मग ढोल आत येतो. हे गाणे लुई आर्मस्ट्राँग यांनी 1928 साली ध्वनिमुद्रित केल्यापासून जाझचे मानले जाते, पण अनेकांच्या मते त्याची मुळे ब्रिटिश बेटांवरच्या एका जुन्या पोवाड्यात आहेत, आणि काही अभ्यासकांनी ते मत खोडूनही काढले आहे. पहिले मत खरे असेल तर लॉरी यांनी घुसखोरीची कबुली दिली त्याच अल्बमचे पहिले गाणे त्यांच्याच बेटावरून निघालेले ठरते. मी या योगायोगावर फार भार देणार नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये त्या गाण्याचे जे झाले ते इंग्लंडमध्ये झाले नसते.

‘टिपिटिना’ ही कठीण परीक्षा होती. प्रोफेसर लाँगहेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेन्री बर्ड यांचे हे 1953 चे गाणे म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या पियानोचे मूळ पाठ्यपुस्तकच. डाव्या हातात क्युबन रुंबाचा ठेका, उजव्या हातात गडगडत उतरणारे सूर, आणि दोन्ही हात जणू एकमेकांचे ऐकत नाहीत असे भासवायचे. लॉरी ते सन्मानाने निभावतात. निभावतात, असेच म्हणावे लागेल. लाँगहेअर यांच्या वादनातला तो पडतो की काय वाटायला लावणारा बेफिकीर तोल त्यांच्याकडे नाही. परीक्षेला बसलेल्या हुशार विद्यार्थ्याची सावधगिरी अधूनमधून जाणवते. ‘स्वानी रिव्हर’ मात्र ते धुंदीत वाजवतात, दुप्पट लयीत, शिक्षिकेने उलटलेले पान पंचेचाळीस वर्षांनी परत उलटून घेतल्यासारखे.

गळ्याबद्दल इतके चांगले लिहिता येत नाही. आवाज नाकातून येतो, अमेरिकी उच्चारांचे अस्तर लावलेला असतो, आणि दुःखाच्या ओळींत तो अभिनय करू लागतो. हलक्याफुलक्या गाण्यांत, रॉबर्ट जॉन्सन यांच्या तमाले (मक्याच्या पिठाचा एक मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्याच्या गाण्यात किंवा ब्लाइंड ब्लेक यांच्या पोलिसी कुत्र्याच्या गाण्यात, हा दोष गुण होतो, कारण तिथे थोडे सोंग मूळ गाण्यातच आहे. जेली रोल मॉर्टन यांनी बडी बोल्डन यांच्या आठवणीत गायलेले गाणे लॉरी हळू आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतात आणि ते साधते. बोल्डन हे न्यू ऑर्लीन्सचे पहिले मोठे कॉर्नेटवादक. 1907 साली त्यांना मनोरुग्णालयात ठेवले गेले, 1931 साली ते तिथेच वारले, आणि त्यांच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ज्याचा आवाज कोणीच ऐकलेला नाही, त्याच्याविषयीच्या गाण्यात नक्कल करायला काही उरत नाही. तिथे लॉरी स्वतःच्या आवाजाच्या सर्वांत जवळ येतात.

दुसरा अल्बम

‘हाऊस’ संपल्यावर, 2013 साली, ‘डिडन्ट इट रेन’ आला. निर्माते पुन्हा जो हेन्री. ब्रिटनच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि पहिल्याइतकी चर्चा झाली नाही. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा सरस आहे. कारण साधे आहे. या वेळी अनेक गाण्यांतला मुख्य आवाज लॉरी यांनी दुसऱ्यांना दिला. ग्वाटेमालाच्या गॅबी मोरेनो आणि अमेरिकेच्या जीन मॅक्लेन या दोघी गातात, एका गाण्यात ताज महाल या नावाने गाणारे अमेरिकी ब्लूज गायक येतात, आणि लॉरी पुष्कळदा पियानोवर साथ करतात. अर्जेंटिनाच्या एका टँगोवरून अमेरिकेत झालेले ‘किस ऑफ फायर’ मोरेनो आणि लॉरी मिळून गातात आणि ते मूळच्या स्पॅनिशकडे झुकते. बेसी स्मिथ यांनी 1927 साली गायलेले, आपल्या प्रियकराचा खून करून विजेच्या खुर्चीची मागणी करणाऱ्या बाईचे गाणे मॅक्लेन गातात. ते लॉरी यांनी स्वतः गायले असते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

शीर्षकगीताला ब्रिटनशी जोडणारा एक धागा आहे. ‘डिडन्ट इट रेन’ हे नोहाच्या महापुराचे स्पिरिच्युअल. 1964 च्या मे महिन्यात ग्रॅनडाने, म्हणजे पुढे ‘जीव्ज अँड वूस्टर’ दाखवणाऱ्या त्याच कंपनीने, मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ब्लूज आणि गॉस्पेल या कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती भक्तिसंगीताचा कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर कलावंत, रुळांपलीकडच्या फलाटावर इंग्रज तरुण श्रोते. मडी वॉटर्स होते आणि गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प होत्या. पाऊस पडून गेला होता. थार्प गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून ओल्या फलाटावर आल्या आणि त्यांनी हेच गाणे सुरू केले. त्या चित्रफितीतले समोरच्या फलाटावरचे श्रोते टाळ्या वाजवतात खरे, पण बरेच जण भलत्याच मात्रेवर.

2013 सालीच लॉरी आणि त्यांच्या ‘कॉपर बॉटम बँड’ने कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे ‘क्वीन मेरी’ या बोटीवर कार्यक्रम केला आणि त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. ही जागा लॉरी यांच्यासाठी सहज निवडलेली नव्हती. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकमध्ये बांधलेली ही ब्रिटिश बोट 1967 पासून तिथे कायमची नांगरलेली आहे, आणि 1975 साली पॉल आणि लिंडा मॅकार्टनी यांनी तिच्यावर दिलेल्या मेजवानीत प्रोफेसर लाँगहेअर यांनी वाजवले होते. त्याचा अल्बम पुढे निघाला. लाँगहेअर यांनी जिथे वाजवले तिथे जाऊन वाजवायचे, इतकी सरळ भक्ती त्यामागे होती.

दौरे 2014 पर्यंत चालू राहिले. त्यानंतर लॉरी ‘वीप’मध्ये अमेरिकी राजकारणी झाले, ‘द नाइट मॅनेजर’मध्ये शस्त्रांचे इंग्रज व्यापारी झाले आणि या दुसऱ्या भूमिकेसाठी 2017 साली त्यांना आणखी एक गोल्डन ग्लोब मिळाला. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅलन टूसाँ माद्रिदमधल्या एका कार्यक्रमानंतर वारले, 2019 साली डॉक्टर जॉन गेले. ‘डिडन्ट इट रेन’नंतरच्या दहा वर्षांत लॉरी यांचा तिसरा अल्बम आला नाही.